लाल पुरुष, पांढरी बाई

चार फूट उंच आणि अडीच फुटांहून थोडा जास्त रुंद असा एक कागद. त्यावर एक बाई. चेहरा चुन्यासारखा पांढरा, डोळे खोल गेलेले, कवटी कातडीखालून वर आल्यासारखी. तिच्या हातांत एक पुरुष आहे आणि तो नखशिखांत लाल आहे. अंगावर लाल कपडे नाहीत. कातडी सोलल्यावर माणूस दिसेल तसा तो लाल आहे. अंग पिळवटलेलं, जीव गेलेला. मागच्या काळ्यानिळ्या आभाळात सूर्य आणि चंद्र एकाच वेळी उगवलेले. आणि हातानं काढलेल्या जाडजूड अक्षरांत शब्द आहेत : ‘ड्रामा’, ‘कोमोडी’. म्हणजे नाटक आणि सुखांतिका. शिवाय ठिकाण दिलंय : ‘कुन्स्टशाऊ’ प्रदर्शनातलं उन्हाळी नाट्यगृह.

१९०९च्या उन्हाळ्यात व्हिएन्नात लागलेलं हे भित्तिपत्रक. काढणारा ओस्कार कोकोश्का, वय वर्षं २३. ज्या नाटकाची ही जाहिरात, ते नाटकही त्याचंच : ‘म्योर्डर, होफनुंग डेर फ्राउएन’, मराठीत ‘खुनी, स्त्रियांची आशा’. ४ जुलै १९०९ रोजी संध्याकाळी, बागेतल्या उघड्या रंगमंचावर त्याचा प्रयोग झाला. जर्मन भाषेतल्या अभिव्यक्तीवादी नाटकाची सुरुवात सांगताना अभ्यासक या प्रयोगाचं नाव घेतात. पण प्रयोग पाहिलेली माणसं मोजकीच होती आणि ती केव्हाच गेली. भित्तिपत्रक मात्र टिकलं. आज बहुतेक लोक या नाटकापर्यंत पोचतात ते या कागदावरूनच. गंमत अशी, की नाटकात जे घडतं त्याच्या नेमकं उलट या कागदावर घडलेलं आहे.

ते कसं, हे समजायला आधी एक वर्ष मागं जायला हवं.

१९०८ साली सम्राट फ्रान्झ योझेफच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली. व्हिएन्ना सणासुदीला सजवलेल्या घरासारखी झाली होती. गुस्टाफ क्लिम्ट आणि त्याचे सोबती १९०५मध्ये ‘सेसेशन’ या आपल्याच जुन्या कलासंघातून बाहेर पडले होते. त्यांना स्वतःचं प्रदर्शन भरवायचं होतं. जिथं पुढं १९१३मध्ये शहराचं मोठं संगीतगृह उभं राहिलं, ती जागा तेव्हा मोकळी होती. योझेफ होफमान या वास्तुकारानं तिथं तात्पुरत्या इमारतींचं एक छोटं गावच वसवलं. ५४ दालनं, अंगणं, बागा, आणि बागेत एक लहानसं उघडं नाट्यगृह. हीच ‘कुन्स्टशाऊ’. क्लिम्टचं आज जगभर कपांवर आणि छत्र्यांवर छापलं जाणारं ‘चुंबन’ हे चित्र लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते इथंच.

कोकोश्का तेव्हा उपयोजित कलांच्या शाळेत शिकत होता. ‘व्हीनर वेर्कश्टेटे’ या कलाकारांच्या कारखान्यासाठी तो पोस्टकार्डं आणि पंखे रंगवायचा. त्या वर्षीच्या प्रदर्शनाचं एक भित्तिपत्रक त्यानंही काढलं : कापूस वेचणारी बाई. ते पाहिलं तर हात त्याचा आहे हे ओळखू येतं, पण सूर शाळेचा आहे. सपाट रंग, नक्षीदार रेघ, सगळं जागच्या जागी. त्याच सुमारास त्यानं मातीचा एक उघड्या तोंडाचा मुखवटावजा पुतळाही घडवला. कलासमीक्षक लुडविग हेवेशीनं त्याला ‘रानटींचा म्होरक्या’ अशा अर्थाचं नाव दिलं. आडोल्फ लोस या वास्तुकारानं मात्र तो पुतळा विकत घेतला आणि पुढची कित्येक वर्षं या पोराची पाठराखण केली. नक्षीकामाचा शत्रू म्हणून लोस ख्यात होता. कोकोश्काच्या हातातली नक्षी वर्षभरात गळून पडली, त्यात लोसच्या सहवासाचा वाटा असणारच.

कारण १९०९चा कागद त्या कापूस वेचणाऱ्या बाईशेजारी ठेवला, तर दोन्ही एकाच माणसानं एका वर्षाच्या अंतरानं काढलेत यावर विश्वास बसत नाही. पहिल्या चित्रात रेघ सजवते, दुसऱ्यात ती ओरबाडते. छापखाना मात्र एकच : व्हिएन्नाचा आल्बर्ट बेर्गर.

छपाईची पद्धत मराठी माणसाला अनोळखी नाही. आपल्याकडे तिला शिळाछाप म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून पंचांगं आणि पोथ्या निघाल्या त्या याच तंत्रानं. पुढं राजा रविवर्मांच्या छापखान्यातून, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, घरोघरच्या देवादिकांच्या तसबिरी निघाल्या त्याही याच तंत्राच्या रंगीत रूपानं. हे तंत्र शोधलं बव्हेरियाच्या आलोइस झेनेफेल्डरनं, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्याचं मर्म स्वयंपाकघरात कुणीही पाहिलेलं असतं : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बारीक कणांच्या, घोटून सपाट केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं. मग शिळा ओली करायची. कोऱ्या जागी पाणी धरून राहतं, तेलकट रेघेवर ते ठरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला चिकटते. त्यावर कागद ठेवून दाब दिला की चित्र उठतं. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, आणि एका रंगाच्या नेमक्या जागी दुसरा बसवणं हे कारागिराच्या हाताचं कसब.

खिळ्यांच्या छपाईत चित्र वेगळं आणि अक्षरं वेगळी. शिळेवर मात्र अक्षरंही हातानंच काढता येतात, चित्राच्याच रेघेत, त्याच जोरात. कोकोश्काच्या कागदावर ‘ड्रामा’ हा शब्द बाईच्या चेहऱ्याइतकाच खडबडीत आहे तो यामुळं. शिळाछापेत पांढरी शाई सहसा नसते. पांढरं म्हणजे न छापलेला कागद. म्हणून या चित्रातली बाई ही खरं तर रंग न लागलेली जागा आहे. भोवती काळ्या रेघा, मागं निळा अंधार, कुशीत लाल पुरुष, आणि मधोमध ती कोरी.

असे कागद लागायचे कुठं? बर्लिनमधले छपाईवाले एर्न्स्ट लिटफास यांनी १८५५मध्ये शहरात जाहिरातींसाठी जाड गोल खांब उभे केले. वाट्टेल त्या भिंतीवर कागद डकवले जात होते, त्याला शिस्त लावायची म्हणून. ती कल्पना जर्मन भाषक शहरांत सगळीकडे पसरली आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांवरही असे खांब आले. साबण, कोको, सर्कस, संगीतिका, सगळं एकाच खांबाभोवती. चालता चालता माणसाच्या नजरेला प्रत्येक कागद एखाददुसरा क्षण मिळायचा. त्या गर्दीत हसऱ्या बायका आणि गुलाबी गालांची मुलं असताना अचानक हा सोललेला माणूस दिसावा, तेव्हा पाय थबकणारच.

आणि थबकलेल्या व्हिएन्नेकराला ते चित्र ओळखीचंही वाटलं असणार. तिथली वस्ती मुख्यतः कॅथलिक. क्रुसावरून उतरवलेला येशू मांडीवर घेऊन बसलेली मेरी प्रत्येकानं लहानपणापासून चर्चमध्ये पाहिलेली. या प्रसंगाच्या चित्राला किंवा शिल्पाला ‘पिएता’ म्हणतात. रोमच्या सेंट पीटर्समधलं मिकेलांजेलोचं संगमरवरी पिएता जगप्रसिद्ध आहे. त्यात आई तरुण, शांत, आणि पुत्राचं शरीर झोपल्यासारखं. कोकोश्कानं तीच बैठक उचलली आणि तिच्यातली शांती काढून घेतली. म्हणूनच हे भित्तिपत्रक ‘पिएता’ या नावानंच ओळखलं जातं. सूर्य आणि चंद्रही त्याच परंपरेतले. मध्ययुगीन चित्रकार क्रुसाच्या दोन बाजूंना ते काढत. येशूच्या मरणाच्या वेळी भर दुपारी अंधार पडला असं शुभवर्तमानात सांगितलंय, त्याची ती खूण. कोकोश्काच्या पिढीला सूर्य-चंद्राचा दुसरा अर्थही परिचित होता. योहान याकोब बाखोफेननं १८६१मध्ये ‘मातृसत्ता’ या ग्रंथात सूर्य पुरुषतत्त्वाशी आणि चंद्र स्त्रीतत्त्वाशी जोडला होता. दोघं एकाच आभाळात आले म्हणजे लढाई.

लढाई हाच नाटकाचा विषय आहे. नाटक अगदी लहान, एकाच प्रवेशाचं, छापील मजकूर मोजक्या पानांचा. पात्रांना नावं नाहीत : पुरुष, बाई, योद्धे, मुली. रात्र, मशाली, एक बुरूज, त्याला लोखंडी गजांचं दार. पुरुष आपल्या योद्ध्यांसह येतो. बाई आपल्या माणसांसह सामोरी जाते. दोघं एकमेकांकडे ओढलेही जातात आणि घाबरतातही. पुरुष हुकूम सोडतो, तापलेल्या लोखंडानं तिच्या अंगावर माझी खूण डागा. ती डागली जाते. वेदनेत ती सुरा काढून त्याच्या कुशीत खुपसते. जखमी पुरुषाला बुरुजात कोंडतात. मग ती त्या गजांभोवती घुटमळत राहते. सोडवतही नाही, सोडूनही जाता येत नाही. आत तो हळूहळू उठतो, आणि जसजसा तो उठतो तसतशी ती खचत जाते. अखेर तिचा जीव जातो, तो बाहेर पडतो, आणि वाटेत येतील त्यांना डासांसारखे मारत निघून जातो. दूर कोंबडा आरवतो.

म्हणजे नाटकात बाई मरते आणि पुरुष जगतो. भित्तिपत्रकात पुरुष मेलेला आहे आणि बाई त्याला धरून बसली आहे.

उलटापालट इथंच संपत नाही. छापील नाटकात पुरुषाचं वर्णन आहे ते पांढऱ्या चेहऱ्याचा, निळ्या चिलखतातला असं. बाई लाल कपड्यांत, मोकळ्या पिवळ्या केसांची. कागदावर पांढरेपण बाईकडे गेलंय आणि लाली पुरुषाकडे. कोकोश्कानं नंतर याचा खुलासा केला आहे. लाल हा जगण्याचा रंग, पण तो अंगावर घेऊन पडलाय तो मेलेला पुरुष. पांढरा हा मरणाचा रंग, पण तो ल्यायलीय ती जिवंत बाई. हा खुलासा वाचून चित्राकडे परत गेलं की जाणवतं : जाहिरातदार नाटकातला एखादा प्रसंग निवडून रंगवतो, तसं इथं काहीच केलेलं नाही. कोकोश्कानं त्याच झगड्याचा दुसरा शेवट लिहिला, शिळेवर. रंगमंचावर एक शेवट, रस्त्यावर दुसरा. हे भित्तिपत्रक नाटकाचं चित्र म्हणून पाहिलं तर चुकीचं ठरेल. नाटकाचं जुळं भावंड म्हणून पाहिलं तर दोन्ही समजतात.

हा विषय त्याच्या डोक्यात आला तो हवेतून नव्हे. ओटो व्हाइनिंगर या तरुणाचं ‘लिंग आणि चारित्र्य’ हे पुस्तक १९०३मध्ये व्हिएन्नात निघालं. स्त्री म्हणजे निव्वळ देह, पुरुष म्हणजे आत्मा, अशी त्याची मांडणी होती. त्याच वर्षी व्हाइनिंगरनं बीथोव्हेन जिथं वारला त्या घरात स्वतःला गोळी घातली आणि पुस्तक घरोघर पोचलं. आज ती मांडणी वाचवत नाही, इतका तिच्यात स्त्रीद्वेष आहे. कोकोश्काच्या नाटकावरही तिची काळी सावली आहेच, ती झाकण्यात अर्थ नाही. भित्तिपत्रकात मात्र ती सावली विरळ होते. तिथं जिंकलेलं कुणीच नाही. दोघांच्याही अंगाची सालपटं निघालीत.

प्रयोगाच्या रात्रीबद्दल सर्वांत रंगतदार हकीकत सांगितलीय खुद्द कोकोश्कानंच, पण ६२ वर्षांनी. १९७१ साली आलेल्या ‘माइन लेबन’ या आत्मचरित्रात तो लिहितो की पैसे नव्हते, म्हणून नटांना चिंध्या नेसवल्या. तालीम म्हणावी अशी झालीच नाही. नटांच्या हातापायांवर आणि चेहऱ्यांवर त्यानं स्वतः शिरा, स्नायू आणि स्नायुबंध रंगवले. हे शेवटचं सहज पटतं, कारण भित्तिपत्रकावरच्या पुरुषाचं अंग तसंच रंगवलेलं आहे : कातडीच्या आतला माणूस बाहेर काढलेला. पुढची गोष्ट जास्त भडक आहे. बागेच्या भिंतीपलीकडे सैनिकांची छावणी होती, तिथले बोस्नियन शिपाई भिंतीवरून नाटक पाहत होते, सुरा खुपसला गेला तसे ते खवळले, मारामारी जुंपली, पोलीस बोलवावे लागले.

ही दंगल पुढं अनेक पुस्तकांत आली. ऐंशीच्या दशकात अभ्यासकांनी १९०९ची वर्तमानपत्रं काढून पाहिली. त्यांत प्रयोगाची दखल आहे, प्रेक्षकांच्या हसण्याबोलण्याची नोंद आहे, पण शिपायांची दंगल नाही. प्रयोगाचं सालसुद्धा बराच काळ १९०८ असं छापलं जात होतं. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत तारुण्यातली रात्र वाढत जाते, हे कुणाच्याही घरात पाहायला मिळतं. शिवाय कोकोश्काला आपल्या कामांवर मागच्या तारखा घालण्याची सवय होती. आपण सगळ्यांच्या आधी होतो हे त्याला सिद्ध करायचं असे. अशा वेळी छापील कागदाचं मोल वाढतं. तो त्या दिवसांतला असतो आणि नंतर बदलता येत नाही.

दंगल झाली असो वा नसो, व्हिएन्नात त्याचं नाव खराब झालं. त्यानं डोकं सफाचट करून टाकलं, तुरुंगातल्या कैद्यासारखं. १९१०मध्ये तो बर्लिनला गेला. तिथं हेरवार्ट वाल्डेन यांचं ‘डेर श्टुर्म’, म्हणजे ‘वादळ’, हे साप्ताहिक नुकतंच सुरू झालं होतं. जुलै १९१०मध्ये त्यात हे नाटक छापलं गेलं, कोकोश्काच्या टोकदार रेखाटनांसह. प्रयोग पाहायला व्हिएन्नात असावं लागलं होतं. आता ते टपालानं कुठंही जाऊ लागलं. याच साप्ताहिकासाठी त्यानं आणखी एक भित्तिपत्रक काढलं. त्यात तो स्वतःच आहे : तुळतुळीत डोकं, वाकडं तोंड, उघडी छाती, आणि छातीवरच्या जखमेत रोखलेलं स्वतःचं बोट. पहिल्या भित्तिपत्रकावरचा मेलेला पुरुष इथं उठून बसलाय आणि आपली जखम लोकांना दाखवतोय, असं वाटत राहतं. पाच वर्षांनी, १९१५मध्ये, पहिल्या महायुद्धात पूर्वेच्या आघाडीवर त्याच्या डोक्यात गोळी लागली आणि संगीन छातीत शिरून फुप्फुसात गेली. तो वाचला, आणि पुढं ९३ वर्षांचा होऊन १९८०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला.

नाटकाला नंतर बरे दिवस आले. १९१७मध्ये ड्रेस्डेनला कोकोश्कानं स्वतः ते बसवलं. पाउल हिंडेमिट या तरुण संगीतकारानं त्यावर एकअंकी संगीतिका रचली. १९२१मध्ये ती श्टुटगार्टला झाली आणि तिचं नेपथ्य ओस्कार श्लेमर यांचं होतं. मग नाझी आले. १९३७मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ या बदनामीच्या प्रदर्शनात कोकोश्काची चित्रं टांगली गेली आणि जर्मन संग्रहालयांतून त्याची चारशेहून अधिक कामं जप्त झाली. तो आधीच प्रागला निघून गेला होता. १९३८मध्ये तो लंडनला पोचला.

त्याच १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नातून पांगलेल्यांपैकी एक चित्रकार मुंबईला आला. वॉल्टर लँगहॅमर त्यांचं नाव. टाइम्स ऑफ इंडियात ते कलाविभाग सांभाळू लागले. त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुणांत रझा, आरा असे पुढं ‘प्रोग्रेसिव्ह’ गटात गेलेले चित्रकार होते. रेघ आणि रंग यांनी वस्तूचं रूप दाखवण्याऐवजी मनातला कल्लोळ दाखवावा, ही मध्य युरोपातली रीत त्यांना पुस्तकांबरोबरच अशा जित्याजागत्या माणसाकडूनही पाहायला मिळाली.

भित्तिपत्रकाच्या प्रती फार थोड्या राहिल्या. कारण उघड आहे. असे कागद खळ लावून डकवायचे, पाऊस पडला की सुटायचे, नाही सुटले तर पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर दुसरा कागद बसायचा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, त्यानं तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. टिकल्या त्या बहुधा न डकवलेल्या प्रती, कुणाच्या तरी कपाटात राहिलेल्या. एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. छापील कागदाला उजेडानं इजा होते, रंग उडतात, म्हणून संग्रहालयं अशी कामं मंद दिव्याखाली काही महिनेच मांडतात. मग ती सपाट खणात, आम्लरहित पुठ्ठ्यांच्या मध्ये, अंधारात आडवी ठेवली जातात.